नावेचा नैवेद्य

सोलापूरच्या माणसानें नावेविषयीं लिहावयास बसावें, याचें वाचकांस प्रथम हंसूं येईल, आणि तें साहजिकच आहे. आमच्या गांवाची कीर्ति चादरींची, शेंगांच्या चटणीची आणि उन्हाची, पाण्याची नव्हे. सिद्धेश्वराचें तळें सोडलें, तर शहरांतल्या मुलांस नाव दिसते ती बहुधा चित्रांतच. असें असतांहि आमच्या एकत्र कुटुंबाच्या मालकीची एक लोखंडी नाव आहे, ती १९९१ सालापासून पाण्यांत आहे, आणि तिच्या पाण्याखालच्या चार अवयवांनीं मला माझ्या पन्नाशींत जो धडा दिला, तो शाळेंत कोणी दिला नव्हता. तो धडा नावेपुरताच नाहीं. घरांतील न्हाणीघरापर्यंत तो पोंचतो. म्हणून तो येथें सांगतों.

आमचें मूळ गांव करमाळें तालुक्यांत भीमेच्या कांठीं होतें. माढें तालुक्यांतील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि त्याच्या फुगवट्याखालीं जीं गांवें गेलीं त्यांत तेंहि गेलें. सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी पोटांत घेणाऱ्या त्या जलाशयानें आमचा वाडा घेतला, मळा घेतला, चिंचेचीं दोन झाडें घेतलीं. अर्धें गांव अलीकडच्या तीरावर वसलें, अर्धें पलीकडे इंदापूरच्या बाजूस; आणि गांवचा मारुति पलीकडच्यांच्या वांट्यास गेला. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देऊळ आणि कुगांवच्या इनामदारांच्या वाड्याच्या भिंती पाण्यांतून वर येतात. त्या दिवसांत आमच्या घरांतील वडील माणसें कांठावर उभीं राहून ‘येथें आपली विहीर, तेथें आपलें वृंदावन’ असें बोटानें दाखवूं लागतात. त्यांचीं बोटें दरवर्षीं थोडीं निराळ्या जागीं जातात. पण तें त्यांना कोणी सांगत नाहीं.

मारुतीच्या दर्शनास रस्त्यानें वळसा घालून जावयाचें तर सबंध दिवस मोडतो. पाण्यावरून जेमतेम पाऊण तासाचें काम. म्हणून अण्णाकाकांनीं नाव करविली. अण्णाकाका पाटबंधाऱ्यांच्या कामावर ओव्हरसियर होते. ज्या खात्यानें आपलें गांव बुडविलें त्याच खात्याच्या पेन्शनींतून आपण नाव बांधली, असें ते हंसत सांगत. २२ फूट लांबीची, ३ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याची, शेतावर पाणी ओढतात त्या जातीच्या ५ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाची ती नाव देखणी कधींच नव्हती. परंतु दरवर्षीं चैत्री पौर्णिमेस, हनुमान जयंतीच्या दिवशीं, घरांतील लहानथोर तिच्यांतून पलीकडे जात आणि संध्याकाळीं सुखरूप परत येत. तिची डागडुजी अण्णाकाका स्वतः करीत. दुसऱ्या कोणास हात लावूं देत नसत. ते २०१९ सालीं वारले आणि नावेचा कारभार माझ्याकडे आला.

मीं तो मोठ्या हौसेनें घेतला. २०२१ च्या उन्हाळ्यांत नाव कांठावर ओढून तिचें रूप पालटावयाचें मीं ठरविलें. नावाडी लोक ज्याला पंखा म्हणतात, तें पाणी मागें लोटणारें चक्र अण्णाकाकांनीं लोखंडाचें बसविलें होतें. तें काळें पडलें होतें. तें काढून मीं मुंबईहून कांशाचा चकचकीत पंखा मागविला. त्याचा दांडा न गंजणाऱ्या पोलादाचा, म्हणजे स्टेनलेसचा, करविला. तळाला काळ्या रंगाचे दोन हात दिले. रंग देतांना मागच्या बाजूस, सुकाणूजवळ, एका उघड्या लोखंडी पट्टीवर बोल्टानें आवळलेला एक ओबडधोबड, पांढुरका धातूचा तुकडा आढळला. चोखून टाकलेल्या खडीसाखरेच्या खड्यासारखा तो दिसत होता. असलें जुनाट लचांड नव्या नावेला कशाला, असें म्हणून मीं तो काढून फेंकला आणि ती उघडी पट्टीहि छान रंगवून टाकली. घरच्या मंडळींनीं नावेचें कौतुक केलें, माझेंहि केलें.

यानंतर चार वर्षें कांहीं झालें नाहीं. २०२४ च्या मे महिन्यांत कुगांवहून कळाशीकडे निघालेली प्रवाशांची होडी वादळी वाऱ्यांत उलटून सहा जीव गेले, तेव्हांपासून आमच्या घरीं जीवरक्षक जाकिटावांचून कोणी नावेंत पाय ठेवीत नसे. आम्हांला भय होतें तें वाऱ्याचें. २०२५ सालच्या एप्रिलांत हनुमान जयंतीच्या सकाळीं आम्ही नऊ जण निघालों, तेव्हां वारा अगदीं पडलेला होता. संकट आलें तें खालून.

मध्यावर आल्यावर सुकाणूचा दांडा माझ्या हातांत एकाएकीं हलका झाला. पोहरा तुटून विहिरींत पडल्यावर दोर हाताला जसा लागतो, तसा तो लागला. नाव स्वतःभोवतीं फिरूं लागली. नावाड्यानें इंजिन बंद केलें, आणि त्या शांततेंत माझ्या धाकट्या पुतणीनें विचारलें, “काका, माझे पाय ओले कां झाले?” मागच्या फळीखालून पाणी आंत येत होतें. माईकाकूंनीं नैवेद्याचा शिरा धुतवस्त्रांत बांधला, रिकामा डबा माझ्या हातीं दिला आणि “उपसा” एवढेंच म्हणाल्या. अर्ध्या तासानें मासेमारी करणाऱ्या एका होडीनें आम्हांला ओढून कांठास लावलें. कोणास इजा झाली नाहीं. परंतु त्या अर्ध्या तासांत मीं चार लेंकरांचीं तोंडें पाहिलीं, तीं अजून रात्रीं डोळ्यांपुढें येतात.

घरीं सभा बसली. थोरले दादा म्हणाले, “भंगारांत घाला. किलोच्या भावानें जें येईल तें येईल. पोरांच्या जिवाशीं खेळ नको.” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें, आणि माझी तर तोंड उघडण्याची छाती नव्हती. शेवटीं माईकाकू बोलल्या. त्या अण्णाकाकांच्या पत्नी, वय ८२. म्हणाल्या, “माणूस आजारी पडलें तर आधीं वैद्याला दाखवितात, स्मशानाची चौकशी नंतर. तिचें काय दुखतें तें पाहा, आणि मग खुशाल विका.”

पाणी दिवसेंदिवस ओसरत होतें. लांकडी ओंडक्यांवरून ट्रॅक्टरनें नाव वर ओढली. तळाचा चिखल, जलपर्णीचीं मुळें आणि चिकटलेले शिंपले खरवडून काढले. मग आमच्या जुन्या नावाड्यानें लहान हातोडी घेऊन वीतवीतभर अंतरावर पत्रा वाजवून पाहिला. जेथें पत्रा जाड तेथें आवाज खणखणीत येई, जेथें तो झिजलेला तेथें बद्द येई. तेथें खडूनें खूण होई. माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या कॉलेजांत शिकतो. त्यानें ध्वनिलहरींनीं जाडी मोजण्याचें यंत्र मागून आणलें. यंत्राचें आणि नावाड्याच्या कानाचें मत बहुतेक ठिकाणीं एकच पडलें. मधल्या भागीं पत्रा २·७ मिलिमीटर शिल्लक होता. चौतीस वर्षांच्या लोखंडास हें भूषणावहच. परंतु मागच्या बाजूस, पंख्याच्या आसपास, कित्येक ठिकाणीं तो एक मिलिमीटरहून कमी भरला आणि दोन जागीं आरपार भोंक होतें. सुकाणूची वरची खीळ मूळची १६ मिलिमीटर जाडीची. तुटल्या जागीं ती पेन्सिलीहून बारीक झाली होती. आणि या सर्व उपासमारीच्या मध्यभागीं माझा कांशाचा पंखा मात्र शेजाऱ्याच्या घरीं जेवून सुटलेल्या माणसासारखा तुकतुकीत दिसत होता.

पुतण्यानें त्याचें कारण सांगितलें तें असें. दोन निरनिराळे धातु एकमेकांस जोडलेले असले आणि दोन्ही एकाच पाण्यांत बुडालेले असले, कीं त्यांचा एक विजेचा घट तयार होतो. धातूंमध्येंहि कोणी उदार, कोणी कृपण. मॅग्नेशियम सर्वांत उदार; त्याच्या मागोमाग जस्त आणि ॲल्युमिनियम; मग लोखंड; पितळ, तांबें, कांसें हे कृपण; आणि न गंजणारें पोलादहि बहुधा त्यांच्याच पंक्तीस बसतें. पाण्यांत जोडी जमली म्हणजे उदार धातु झिजतो आणि त्याच्या जिवावर कृपण धातु जसाच्या तसा राहतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत हा व्यवहार फार जलद चालतो. गोड्या पाण्यांत सावकाश. पण उजनीचें पाणी आतां पूर्वीच्या भीमेचें राहिलेलें नाहीं. पुणें आणि पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी मुळा-मुठेच्या व भीमेच्या वाटेनें तिच्यांत उतरतें, आणि पाण्यांत क्षार वाढले कीं वीजहि त्यांतून अधिक सुलभपणें वाहते.

अण्णाकाकांच्या वेळीं लोखंडाच्या नावेला लोखंडाचाच पंखा होता. दोघे एकाच कुळींतले. मीं लोखंडाच्या शेजारीं दोन कृपण आणून बसविले. वर तळाला रंग दिला, पण पंखा उघडा ठेवला. त्यामुळें पंख्याची सारी भूक रंगावरील लहानसहान ओरखड्यांवर येऊन पडली. सुकाणूची खीळ हलून हलून तिचा रंग सर्वांआधीं गेला, म्हणून घास तिचा आधीं झाला. तळाला रंग दिला नसता तर ही झीज चोहोंकडे थोडीथोडी वांटली गेली असती; मीं ती चार ठिकाणीं गोळा करून दिली.

हें बोलणें चाललें असतां माईकाकू नावेच्या मागच्या बाजूस बसून सुट्या केलेल्या भागांकडे पाहत होत्या. दांडा जेथून पाण्यांत उतरतो त्या नळीच्या तोंडाशीं एक पितळी चाकी असते. आंत वंगण लावलेली दोरी भरून ती आवळली म्हणजे पाणी आंत येत नाहीं. ती चाकी त्यांनीं हातांत घेतली. मीं म्हणालों, “ती मात्र उत्तम राहिली आहे, पाहा, कशी तांब्यासारखी लाल दिसते.” माईकाकूंनीं ती बोटाच्या पेरावर टांगली आणि चमच्यानें वाजविली. आवाज आला तो मडक्याचा. “पितळ लाल दिसूं लागलें तर तें चांगलें कीं वाईट?” त्यांनीं मलाच विचारलें. “आयुष्यभर भांडीं घांसलीं मीं. हें मेलेलें आहे.” पुतण्यानें चिमट्यानें दाबतांच चाकीचा कांठ बिस्किटासारखा तुटला. पितळ म्हणजे तांबें आणि जस्त यांचा संसार. बरींच वर्षें पाण्यांत राहिलेल्या पितळेंतून जस्त हळूहळू निघून जातें आणि मागें तांब्याची पोकळ जाळी उरते. आकार तोच, रंग अधिक सुंदर, आणि जोर कांहींच नाहीं. पितळ उघडें पडणें म्हणजे काय हें मला त्या दिवशीं शब्दशः कळलें.

मग त्यांनीं इकडेतिकडे पाहिलें आणि विचारलें, “आणि तो नैवेद्य कोठें आहे?”

कोणाला कांहींच कळेना. माईकाकूंनीं सांगितलें कीं अण्णाकाका दर दोन वर्षांनीं सोलापुरांत पाण्याचे बंब दुरुस्त करणाऱ्याकडून एक पांढरी धातूची कांडी विकत आणीत, तिचे तुकडे करीत आणि नावेच्या मागच्या बाजूस पट्टीवर आवळीत. घराच्या जमाखर्चांत तो खर्च ‘नावेचा नैवेद्य’ या नांवानें पडे. माईकाकूंना वाटे, ही त्यांची थट्टा. ती कांडी मॅग्नेशियमची होती. सर्वांत उदार धातूचा एक तुकडा लोखंडाला जोडून ठेवावयाचा, म्हणजे पाणी आधीं त्याला खातें आणि लोखंडास सोडतें. अण्णाकाकांनीं पाटबंधाऱ्यांच्या नोकरींत जमिनींतल्या लोखंडी नळांचें रक्षण याच रीतीनें होतांना पाहिलें असावें.

तो तुकडा मीं फेंकला होता, हें मला सर्वांसमक्ष सांगावें लागलें. मीं म्हणालों, “माईकाकू, तो अगदीं झिजून गेला होता, म्हणून मीं टाकला.” त्या रागावल्या नाहींत. म्हणाल्या, “अरे, झिजत होता म्हणूनच तो काम करीत होता. न झिजता तर टाकायचा.”

माझ्या मूर्खपणास मोठ्या लोकांची सोबत आहे, हें मला पुढें वाचनांत आढळलें आणि थोडा धीर आला. इंग्रजांच्या आरमारांत ‘अलार्म’ नांवाच्या लांकडी युद्धनौकेच्या तळास किडीपासून व शेवाळापासून रक्षण व्हावें म्हणून १७६१ सालीं तांब्याचा पत्रा ठोकला. दोन वर्षांनीं पाहतात तों पत्रा ठीक, पण तो जखडणाऱ्या लोखंडी खिळ्यांचा चोथा झालेला. कांहीं खिळे मात्र शाबूत होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते तो कागद त्या खिळ्यांखालीं चुकून राहिला होता, आणि तेवढ्या कागदानें दोन धातूंचा स्पर्श टाळला होता. पुढें १८२४ च्या सुमारास सर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञानें याच दोषाचा गुण केला. तांब्याच्या तळास लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडले तर तांबें मुळींच झिजत नाहीं, हें त्यानें सप्रयोग दाखविलें. युक्ति सफल झाली, आणि तेंच तिला नडलें: तांबें किंचित् विरघळत असे म्हणूनच शिंपले त्याच्यापासून दूर राहत, तें विरघळेनासें झालें तेव्हां तळावर रान माजलें आणि जहाजें मंद झालीं. आरमारानें ती युक्ति सोडून दिली. परंतु पुढें जहाजें लोखंडाचीं झालीं तेव्हां तीच परत आली, आणि आज समुद्रावरच्या लहानमोठ्या लोखंडी जहाजांस तिच्यावांचून चालत नाहीं. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मलबारी सागाची बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १८१७ सालीं पाण्यांत उतरली, ती इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगते आहे. साग तेवढा टिकतो. लोखंडास मात्र सांभाळणारा लागतो.

आतां दुरुस्तीची हकीकत सांगतों. झिजलेला पत्रा कापून तेथें ३ मिलिमीटरचा नवा पत्रा वेल्डिंगनें बसविला. त्याआधीं डिझेलची टांकी काढून दूर ठेवली, हें सांगणें न लगे. सुकाणूच्या दोन्ही खिळा नव्या केल्या. कांशाचा पंखा काढला, आणि अण्णाकाकांचा लोखंडी पंखा परत बसविला. तो परसांत पडला होता आणि माईकाकू त्यावर पाण्याचा हंडा ठेवीत असत. पितळी चाकीच्या जागीं कांशाची आणली, कारण कांशांतून जस्तासारखें कांहीं निघून जात नाहीं. दांडा स्टेनलेसचाच ठेवला; मात्र त्याच्या उघड्या भागासहि रंग दिला. कृपण धातूला रंगवावें हें प्रथम चमत्कारिक वाटतें, पण भूक कमी करावयाची तर खाणाऱ्याचेंच तोंड झांकलें पाहिजे.

रंगाचा विचार आम्ही फार केला. जुन्या काळीं लोखंडी जहाजांना शिशाचा शेंदूर अळशीच्या तेलांत खलून लावीत. आपल्या मारुतीच्या अंगावर जो असतो तोच तो. गंजाला तो फार चांगला अडवितो. पण शिसें विषारी. समुद्रावर शेवाळ न धरावें म्हणून तांबें मिसळलेले रंग लावतात, तेहि आम्हांला नको होते, आणि डांबरी रंगहि नको होते. कारण उजनीचेंच पाणी नळांतून सोलापुरास येतें आणि आम्ही तेंच पितों. आपल्या नावेचा तळ राखावयाचा आणि आपल्याच घागरींत विष कालवावयाचें, हा व्यवहार बरा नव्हे. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या टांक्यांना आंतून लावतात तो इपॉक्सी रंग आणला. पत्रा तारेच्या ब्रशानें आणि यंत्रानें उजळ होईपर्यंत घांसला, गोड्या पाण्यानें धुतला, उन्हांत वाळविला, आणि त्याच दिवशीं पहिला हात दिला. रात्रभर उघडा ठेवला असता तर सकाळीं त्यावर तांबूस छटा आली असती. असे चार हात झाले. शेवाळ धरेल तें दरवर्षीं खरवडावें, असें ठरलें.

शेवटीं नैवेद्य. समुद्राकांठच्या दुकानांत जे तुकडे मिळतात ते बहुधा जस्ताचे असतात, आणि पुतण्यानें प्रथम तेच आणले होते. परंतु गोड्या पाण्यांत जस्तावर एक पांढरें कवच चढतें आणि तें निजून राहतें. उलट मॅग्नेशियम समुद्रांत इतक्या घाईनें झिजतें कीं परवडत नाहीं. कोंकणांत जस्त, सोलापुरांत मॅग्नेशियम, अशी खूणगांठ बांधावी. तुकडा लावतांना दोन पथ्यें. तो पत्र्याशीं धातूनें जोडलेला हवा, मध्यें रंग नको. आणि तुकड्याला स्वतःला रंगाचा थेंबहि लागतां कामा नये. शोभेसाठीं रंगविलेला नैवेद्य कोणी खात नाहीं. अर्धा झिजला कीं बदलावा. फाजील मोठाहि लावूं नये, कारण त्याच्या जोरानें लोखंडावरील रंग सुटूं लागतो.

हें सारें खरोखर काम करतें कीं नाहीं, हें पाहण्याची पुतण्यानें केलेली युक्ति मला फार आवडली. संक्रांतीच्या सुगडांतलें एक लहान बोळकें त्यानें घेतलें, त्यांत मोरचुदाचें दाट पाणी भरलें, तांब्याची एक काडी त्यांत उभी केली. तेंच तें मोरचूद, जें आमच्याकडचे बागायतदार द्राक्षांवर फवारतात. बोळकें नावेशेजारीं पाण्यांत अर्धें बुडवून, काडी आणि नावेचा पत्रा यांच्यामध्यें विजेचें मापयंत्र लावलें. लोखंड नुसतें असतां कांटा अर्ध्या व्होल्टाच्या थोडा पुढें उभा राहतो. तो ०·८५ च्या पलीकडे गेला तर लोखंड सुरक्षित समजावें, असा नियम आहे. तुकडा जोडण्यापूर्वीं ०·५८ होता. जोडल्यावर घटकाभरानें ०·९१ वर जाऊन स्थिरावला. कच्च्या मातीच्या त्या बोळक्याकडे आम्ही सगळे देवाकडे पाहावें तसे पाहत होतों.

त्या वर्षीं पावसानें मे महिन्यांतच गांठलें. महिनाअखेर भीमेला पाणी आलें आणि आमची नाव जेथें ओंडक्यांवर होती तेथवर तें चढत आलें. ढकलण्याचे श्रम वांचले. नाव आपोआप उचलली गेली. मागची फळी काढून आम्ही तासभर तळाकडे टक लावून बसलों. आंत एक थेंब आला नाहीं. थोरले दादा कांठावरच उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत, पण चपला काढून नावेंत येऊन बसले.

दिवाळीनंतर पाहिलें तों तुकड्याचा सुमारें चौथा हिस्सा गेला होता. पूर्वीं तो पाहून मला किळस वाटली असती. त्या दिवशीं मीं त्यावरचा चिखल हलक्या हातानें पुसला. लहान पुतणीनें विचारलें, “काका, हा तुकडा आपल्या माईआजीसारखा आहे, होय ना?” मी काय उत्तर द्यावें याचा विचार करीत होतों, तोंच माईकाकू म्हणाल्या, “छे ग! तो तुकडा दोन वर्षांनीं नवा मिळतो. मी कोठून मिळणार?” सगळे हंसले. मला हंसूं आलें नाहीं. त्या दिवसांत रोज सोळा माणसांच्या भाकरी कांठावर येत होत्या, आणि त्या कोण भाजतें हें मीं विचारलें नव्हतें. आतां पहांटेची चूल आम्ही पाळीपाळीनें पेटवितों. माईकाकूंना त्यांत लुडबूड वाटते, पण त्यांनीं ती चालवून घेतली आहे.

वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं नाव असेल. परंतु गीझर म्हणतात तो विजेचा बंब बहुतेकांच्या घरीं आहे, आणि पुष्कळ बंबांच्या पोटांत टांकीला जपणारी मॅग्नेशियमची एक कांडी असते. आपल्याकडचें पाणी जड; ती कांडी लवकर संपते, आणि ती संपल्यावर टांकीला भोंक पडतें, तेव्हां आपण कारखानदारास दोष देतों. वर्षां-दोन वर्षांनीं माहितगार माणसाकडून ती काढवून पाहावी. झिजलेली दिसली तर नवी घालावी. मात्र जुनी निरुपयोगी होती, असें म्हणूं नये.

आमच्या जमाखर्चांत तो खर्च आतां पुन्हां त्याच नांवानें पडतो.